विस्कटलेली साखळी

प्रयोगशाळेत सगळे तिला ‘घाई’ म्हणत, आणि काही उगाच नाही. ही पोरगी चहासुद्धा उभ्यानं प्यायची. आज मात्र सकाळपासून तिसऱ्यांदा सूक्ष्मदर्शकासमोर बसली होती आणि जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती.

तिच्या मार्गदर्शक बाईंचा कयास असा की, दोन प्रथिनं एकमेकांना धरतात म्हणूनच कर्करोगाची पेशी सरपटते. मग घाईनं त्यातल्या एका प्रथिनाचा एवढासा तुकडा घडवला, पेप्टाइड, म्हणजे बारा मण्यांची साखळी. हा मधे घुसला की दुसऱ्याला धरायला जागाच नाही. पेशी थांबली, तर कयास खरा. आणि थांबली की हो! तीन वर्षं राबून लेख झाला. नियतकालिकाच्या परीक्षकांनी एकच अट घातली: तेच मणी क्रम विस्कटून ओवा आणि ती खोटी साखळी काही करत नाही, एवढं दाखवा. उत्तर आज संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. घाईची डॉक्टरेट या लेखावर अडली होती.

खोटीनंही पेशी थांबवल्या.

परवा नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून सोडून दिलं. काल नवी नळी उघडली. आज पुन्हा तेच. आणि पेशींना पोसणारं गुलाबी पाणी पिवळट पडलेलं, आम्ल मिसळलं की पडतं तसं. पेप्टाइड घडवताना वापरलेलं आम्ल धुऊन निघालंच नव्हतं! खरी असो की खोटी, पेशी थांबवत होतं ते आम्ल, साखळी नव्हे. पेशी दाटल्या की पाणी तसंही पिवळट पडतं, म्हणून तीन वर्षं हा पिवळेपणा ती पेशींच्या गर्दीवर ढकलत आली होती.

तेवढ्यात आईचा फोन. “कधी संपायचं गं तुझं शिक्षण?”

“बघू,” म्हणून तिनं ठेवून दिला. खोटीचे आकडे बदलले तर कोणाला कळणार होतं? दोनदा जिना चढली, दोनदा उतरली. शेवटी स्वतःचाच राग येऊन ती बाईंच्या खोलीत शिरली आणि सगळं ओकून मोकळी झाली.

“पिवळं कधीपासून?” बाईंनी विचारलं.

“पहिल्यापासून.”

बाई म्हणाल्या, “मीही पाहिलं होतं, पहिल्याच वर्षी. आम्लाची शंकाही आली होती. पण पेशी थांबल्या होत्या ना. मग तोंड उघडवेना.”

“तीन वर्षं, बाई,” घाई म्हणाली.

बाईंनी लेख मागे घेण्याचं पत्र लिहायला घेतलं. चूक सर्वस्वी माझी, विद्यार्थिनीची नाही, असं त्यात लिहिलं आणि पत्र तिच्यापुढे सरकवलं. घाईनं ते दोनदा वाचलं. पिवळं पाणी तिनंही रोज पाहिलं होतं. तरी ते वाक्य खोडा, असं काही ती म्हणाली नाही.