चाकाचा सूर

बैल धावेच्या उतारावरून खाली गेले, नाडा ताणला, भरलेली मोट वर आली आणि थारोळ्यात पाणी धबाधबा पडलं. पण विहिरीवरचं चाक कुरकुरलंच नाही. सयाजी जागच्या जागी थिजला.

"सकाळीच ग्रीस भरलं, मामा," जावई ज्योतीराम हात पुसत म्हणाला. "लई कोकलत हुतं. कारखान्यातला माल हाय, आता वरीसभर बघाया नगो."

तो खडकीला फिटर होता. कोरडं चाक ऐकलं की त्याचे हात शिवशिवत. मोठ्या मायेनं केलं होतं बिचाऱ्यानं, त्याला काय बोलणार? "बेस केलंत, जावईबापू," एवढंच सयाजीच्या तोंडून निघालं.

वर्षभर बघायचं होतंच कुठे? पिंपरीच्या शिवारातली ही जमीन नव्या कारखान्यात गेली होती, उद्या विहीर बुजणार होती. म्हणून तर लेक यशोदा आज आली होती, आईचं गाणं एकदा तरी ऐकायला. आई गेली तेव्हा ती रांगत होती. चाकणला मावशीकडे वाढली. आईची म्हणून एक आठवणसुद्धा तिच्या वाट्याला आली नव्हती.

तिच्या आईनं, दुर्गाबाईनं, ते गाणं या चाकावरूनच काढलं होतं. चाकाला ती कधी तेल घालू देत नसे. तिची ओळ संपली की मोट वर येई आणि चाक उत्तर देई. आधी लांब विव्हळे, मग उंच चढे आणि अगदी शेवटी मुरकी घेई. अर्धं गाणं तिचं, अर्धं चाकाचं. ती गेली आणि सयाजीनं गाणं सोडलं. वीस वर्षं एकटं चाकच गात होतं.

ग्रीस निघावं म्हणून दुपारभर त्यानं राखेनं चाकाचा कणा घासला, बोटं सोलून निघाली. चाक मुकंच राहिलं. बैलसुद्धा धावेच्या मध्यावर थबकून मागे बघू लागले. तेव्हा त्यानं लेकीला सगळं सांगितलं. सांगताना त्याला रडू आलं. ज्योतीराम मान खाली घालून बांधावर जाऊन बसला.

"आबा, येतंय तेवढं म्हणा," यशोदा म्हणाली.

उन्हं कलल्यावर त्यानं शेवटची मोट सोडली आणि घोगऱ्या आवाजात ओळ धरली. "चढ रं पाण्या वर, सरीला लागली तहान..."

पुढे चाकाची जागा होती. तो सूर त्याच्या कानात लख्ख होता, पण गळ्यात काही केल्या येईना. मग यशोदेनंच, त्यानं सांगितलं होतं तसं, लांब, मग उंच आणि शेवटी मुरकी घेऊन गुणगुणून पाहिलं.

"असंच हुतं का, आबा?"

गोड होतं. पण ते नव्हतं, त्याच्या जवळपासचंही नव्हतं. सयाजीनं लेकीच्या तोंडाकडे पाहिलं.

"व्हय," तो म्हणाला. "अस्संच."

तिन्हीसांजेच्या आत ती दोघं स्टेशनच्या वाटेला लागली. विसरू नये म्हणून यशोदा तोच सूर पुन्हा पुन्हा घोळवत होती. चाकावर हात ठेवून सयाजी ऐकत राहिला. हाताला ग्रीस लागत होतं.