पहिला नकार

खुशी गजभियेची मुलाखत शुक्रवारी होती. जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमाला नर्स हव्या होत्या, आणि जरीपटका भागात एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरणाऱ्या जर्मनच्या वर्गात तिची तयारी सर्वांत पक्की होती. सरावाच्या मुलाखतीत ती अडली, पण भाषेपाशी नाही. ताटापाशी.

प्रसंग साधा होता. नंदिनी मॅडम आजारी जर्मन आजी झाल्या, ताट बाजूला सारलं आणि जेवायचं नाही म्हणाल्या. खुशीनं चमचा पुढे केला. थोडंसं घ्या. बरं, माझ्यासाठी. एकच घास. सगळं शुद्ध जर्मनमध्ये.

"मॅडम, ही तं पेशंटले पंगतीत बसवून राहिली," मागून सौरव म्हणाला. "आता बुंदी वाढते, पाहा."

वर्ग हसला. नंदिनी मॅडम हसल्या नाहीत.

"खुशी, त्या बाईनं नाही म्हटलं. तिकडे नाही म्हणजे नाही. पुढं तू जे करतेस, त्याला ते जबरदस्ती म्हणतात. तक्रार होते."

"पण आजारी माणूस नाहीच म्हणते न, मॅडम."

"आपल्याकडे. तिकडे ताट उचलायचं, नंतर विचारते म्हणायचं आणि थोड्या वेळानं खरंच विचारायचं. घरी सराव कर. जीभ तयार आहे तुझी, हात ऐकत नाही."

घरी सरावाला आजोबा नत्थूजी होते. आई, इंदुताई, बहिणीकडे रामटेकला गेली होती, त्यामुळे नत्थूजींचं जेवणखाण खुशीकडे होतं. गुरुवारी संध्याकाळी तिनं त्यांना शुगरची गोळी दिली आणि ताट वाढलं.

"भूक नाही वं," नत्थूजी म्हणाले.

ते रोजच म्हणत. रोज इंदुताई "दोन घास तं खा, बाबा" म्हणून मागं लागे आणि ते पोटभर जेवत. खुशीनं ताट उचललं.

"बरं आबाजी, नंतर विचारते."

हे जमलं म्हणून तिला बरं वाटलं. मग ती कानाला हेडफोन लावून बसली. जर्मन माणसं एकमेकांना स्टेशनचा रस्ता सांगत होती. ते ऐकता ऐकता तिला झोप लागली. नंतर विचारायचं राहून गेलं.

सकाळी नत्थूजी घामानं चिंब होते. हात थरथरत होते, बोलणं जड झालं होतं. गोळी साखर खाली आणते, तिच्यामागून पोटात अन्न जावं लागतं, हे खुशीला स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं. तिनं त्यांना बसतं केलं आणि साखरपाणी पाजलं. हळूहळू त्यांची नजर ठिकाणावर आली.

"भूक लागली तं सांगायचं न, आबाजी."

"तू दुसऱ्यांदा म्हटलंच नाही."

"तुम्हीच नाही म्हटलं."

"पहिल्या बोलीतच हो म्हणतेत का वं? हपापल्यासारखं?"

फोन केल्यावर इंदुताई मिळेल त्या बसनं आली. तिनं सासऱ्यांचा हात हातात घेऊन पाहिला, मग पोरीकडं पाहिलं.

"काहून वं, नर्स आहेस न तू?"

खुशीनं साखरपाण्याचा पेला उचलून ठेवला.

"जाय आता. इंटरव्ह्यू आहे तुही. मी बसतो इथं."

मुलाखतीला पडद्यावर दोघं होते, एक बाई आणि एक पुरुष. बाईनं हातातलं कार्ड वाचलं, ती म्हातारी झाली आणि जेवायचं नाही म्हणाली.

खुशीनं समोर मांडलेला चमचा उचलला नाही. ताटही उचललं नाही. तिनं विचारलं, "तुम्ही साखर कमी करायची गोळी घेतली आहे का?"

बाईनं पुन्हा कार्ड पाहिलं. त्यावर तसं काही नव्हतं. "समजा, घेतली."

"मग मी ताट नेणार नाही. भरवणारही नाही. मी इथं बसते."

"तिनं नाही म्हटलं आहे," पुरुष म्हणाला.

"हो. एकदाच म्हटलं आहे."

पुरुषानं काहीतरी लिहून घेतलं. बाईनं कार्ड खाली ठेवलं. आता ती म्हातारी नव्हती, आवाजही तिचा स्वतःचा होता, आणि त्यात राग नव्हता.

"आमच्याकडे संध्याकाळी एका मजल्यावर तुम्ही एकट्याच असाल. समोर वीस ताटं असतील. प्रत्येकापाशी किती वेळ बसणार?"

खुशीनं प्रश्न पुन्हा विचारायची विनंती केली. तो तिला नीट कळला होता.