रामकिसनकाकांची पहिली उडी

लासूर स्टेशन गावातली कापसाची गिरणी बंद पडून वीस वर्षं झाली. तिच्या बॉयलरसाठी खणलेली विहीर तेव्हापासून गाळानं भरून पडली होती. यंदा वस्तीनं गाळ उपसला आणि सुकेशनीनं विहिरीचा इतिहास फलकावर रंगवून घेतला. सुकेशनी शाळेत शिकवते. लहानपणी तीही याच विहिरीत पोहायला शिकली. इतिहासात बॉयलर दोन ओळींत आटोपला. उरलेला सगळा फलक रामकिसनकाकांचा: 'गिरणीतले फिटर, पाचशे पोरांना पोहायला शिकवणारे वस्ताद.' आणि खाली तांबड्या रंगात, 'रविवारी विहीर पुन्हा खुली. पहिली उडी त्यांचीच.'

फलक वाचून काकांनी गुपचूप घरची वाट धरली. कारण वस्तादांना पोहता येत नव्हतं.

खोटं ते कधी बोलले नव्हते, एवढं मान्य करायला हवं. कुणी विचारलंच नाही, त्याला ते बिचारे काय करणार! भोंगा झाला की गिरणीतून थेट काठावर यायचे, पोराच्या कमरेला दोर बांधून त्याला पाण्यात सोडायचे आणि वरून बोंब ठोकायचे, "पाय मार की रं!" वस्ताद स्वतः कायम कोरडे कसे, हा प्रश्न कुणाच्या तोंडून आला नाही.

"मला ताप आलाय," शनिवारी ते बायकोला म्हणाले.

चंपाबाईंनी कपाळाला हातसुद्धा लावला नाही. "इतकी वर्सं मिशीला पीळ देताना आला नाय व्हय ताप? सांगून टाका सरळ."

रविवारी सारी वस्ती जमली. काकांनी आधी थंडीचं कारण काढलं, मग गुडघ्याचं, मग एकादशीचं. एकादशी परवाच होऊन गेल्याचं कुणीतरी मागून ओरडलं. शेवटी पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर काठाशी उभं राहून त्यांनी डोळे मिटले.

"मला पवता येत नाय. कवाच येत नव्हतं. पाण्याचं लई भ्या वाटतं."

हशा पिकला. सुकेशनी सगळ्यांत जास्त हसली.

"काका, ते आमाला पैल्याच दिवशी कळलं व्हतं. आमच्यापेक्षा तुमचेच हात जास्त कापायचे."

"मंग बोलली का नाय गं?"

"बाकीचे वस्ताद पोराला ढकलायचे आन् दोर सोडून द्यायचे. नाकातोंडात पाणी गेलं की म्हणं पोर शिकतं! तुमी एकदाबी सोडला नाय. आमी बोललो असतो तर तुमी येनंच बंद केलं असतं. मंग आमाला कुणी शिकवलं असतं?"

काकांना लाज वाटली आणि त्याहून जास्त बरं वाटलं. डोळे भरून आले ते त्यांनी लपवलंही नाही.

सुकेशनीनं त्यांच्या कमरेला दोर बांधला. काका पायऱ्या उतरले. पाणी छातीला लागताच अशी किंकाळी फोडली की चंपाबाईंनी पदर तोंडात कोंबला.

"सुके, धरलाय ना?"

"धरलाय."

"घट्ट?"

"घट्ट, काका."

तरी त्यांनी आणखी दोनदा विचारलं. मग पायरी सोडली.