अंगात देवी नव्हती, मी होते

नाक मुरडू नका, मी छातीतली बारकी श्वासनळी बोलतेय. तुम्ही नाकाचं कौतुक करता, गळ्याचं करता, मला कोण विचारतो? मी रूपश्रीच्या छातीत खोल राहते, आणि माझ्यावर कायम एकच आळ, की ही नळी कमजोर आहे. कमजोर? अहो, जन्मल्यापासून मी ताणतेय नि आखडतेय, घटकाभर तरी आडवी झालेली पाहिलीत का मला?

घशाखालच्या माझ्या थोरल्या बहिणीला, मोठ्या श्वासनळीला, कूर्चेची म्हणजे मऊ हाडाची कडी आहेत, त्यामुळे ती सहसा मिटत नाही. मला कडी नाहीत. माझ्याभोवती परकराच्या नाडीसारखे आवळणारे स्नायू, आणि बाहेरून फुप्फुसाचे लवचीक धागे मला मांडवाच्या दोऱ्यांसारखे ओढून धरतात. श्वास भरला की दोऱ्या ताणतात, मी रुंदावते. सोडला की अरुंद होते. फक्त माझे स्नायू लहानपणापासून तापट. धूर, धूळ, रिकाम्या साइटवरचं गाजरगवत, काहीही आलं की नाडी करकचून आवळतात.

शहाण्णव साली रूपश्रीचं लग्न ठरलं. मुलगा मोहनकुमार, इंदिरानगरात कपड्यांचं दुकान, घर के. आर. पुरमला. तीन पिढ्या बेंगळुरात मुरलेली मराठी माणसं. बघायच्या दिवशी वडिलांनी, श्रीधररावांनी, तिचा दम्याचा पंप कपाटात टाकला. दमा म्हटलं की स्थळ हातचं जातं, आधी लग्न होऊ दे, मग सांगू, म्हणाले. माझा जळफळाट झाला. मला लपवता? मी काय चोरी केली? पण रूपश्रीनं वडिलांचं ऐकलं, आणि पंप ट्रंकेच्या तळाशी लपवून सासरी नेला.

लग्नानंतर घरात गोंधळ घातला. हॉल माणसांनी गच्च, दारं-खिडक्या बंद, संबळाचा कडकडाट, तेलात भिजवलेली पोताची मशाल आणि वर धूप. नवी जोडी अगदी पुढ्यात. धूर आत आला आणि मी आवळले. हो, आवळले! घाण शिरायला लागली तर तुम्ही दार लोटता ना? मी तेच केलं. पण माझ्याकडे यायची-जायची वाट एकच. हवा कशीबशी आत येई, बाहेर पडेना.

रूपश्री पुढे वाकली. खांदे उडू लागले, केस सुटले, छातीतून आवाज येऊ लागला. सासूबाईंनी, अंबुबाईंनी, हात जोडले. आई अंगात आली म्हणे! बायका पाया पडायला लोटल्या. एकीनं मळवट भरला, दुसरीनं धुपाटणं थेट नाकाशी आणलं. घ्या! आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. मोहनकुमारही हात जोडून उभा. सेवेत काय चुकलं ते बोल आई, म्हणून अंबुबाई विनवत होत्या. तिला बोलायला हवा कुठे होती?

रूपश्री तिथंच संपली असती, तर तेही देवीच्या नावावर खपलं असतं. पण पोरगी माझ्याइतकीच हट्टी. शीळ घालताना करतात तसे ओठ करून तिनं हवा हळूहळू सोडली, डॉक्टरांनी शिकवलं होतं तशी. ओठांशी हवा अडली, तिचा दाब मागे माझ्यापर्यंत पोचला, आणि मिटता मिटता मी उघडी राहिले. बायका म्हणाल्या, आई फुंकर घालतेय. म्हणू देत! होती नव्हती ती हवा मी वर ढकलली. रूपश्रीनं मान उचलली.

“देवी नाही. मला दमा आहे. ट्रंकेत पंप आहे, आणा.”

संबळ थांबलं. मोहनकुमार धावला. फवारा आत आला आणि हळूहळू माझी नाडी सैल झाली.

 काही दिवसांनी अंबुबाई म्हणाल्या, झालं ते झालं, पण चारचौघांत दमा म्हणू नकोस, देवीच म्हण, घराचं नाव राहील. तोवर गल्लीभर झालंच होतं. शुक्रवारी शेजारच्या यल्लाप्पांची बायको ओटी घेऊन आली, रूपश्रीच्या पायाशी वाकली. मुलीचं लग्न कधी जमेल, स्वल्प सांग, जरा सांग, म्हणाली.

अंबुबाई डोळ्यांनी खुणावत होत्या. रूपश्रीनं त्या बाईला उठवलं आणि तिच्यासमोर पंप ओढला.

“अक्का, देवी धुराला घाबरत नाही. मी घाबरते. बसा, कॉफी करते.”

अंबुबाईंनी तोंड फिरवलं. फिरवू देत. मी अजून आवळते, पुढेही आवळेन. ऐकून घेणाऱ्यांतली मी नव्हे, आणि आता रूपश्रीही नव्हे. तुमच्या घरात कुणाचा श्वास अडकला तर आधी बाजूला सरा, वारा येऊ द्या. हात जोडायचेच असतील, तर माणूस वाचल्यावर जोडा.