बारा जणांत अकरा बाया

चाबूक सातव्यांदा उतरला तेव्हा शकुनचे लुगडे पाठीला रक्ताने चिकटले. अकोटजवळच्या त्या जिनिंग कारखान्याच्या आवारात कामगार नि गावकरी मिळून दीडशे माणसे उभी होती आणि प्रत्येक फटक्याला हात जोडत होती. शकुन कापूस निवडायच्या शेडमध्ये काम करी. सकाळी ती उलट्या करीत, हातपाय झाडीत कोसळली. पंधरा दिवसांत अशी कोसळलेली ती बारावी. पाचवी गोदाबाई, भूतबाधा उतरवणाऱ्या चिमटेबुवांच्या ‘उपचारा’नंतर ती उठलीच नाही.

“डाकीण शिरली हाये इथं!” बुवा गरजले. “ते बाईलेच धरते. बारा जणांत अकरा बाया! मोजा लेकहो, देवाचा हिशेब हाये हा!”

“अन् चंदन?” कोणीतरी विचारले. बारांतला तो एकटा पुरुष.

“थो बायांत बसते, म्हून बायल्या झाला!”

गर्दी हसली. पऱ्हाटीच्या, कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर चिमटा लाल होत होता. तो शकुनच्या कपाळावर टेकवायचा होता आणि तिचे हात धरायचे काम बुवांनी तिच्या नवऱ्याला, गोवर्धनलाच दिले होते.

तीस वर्षे मी या जिनची यंत्रे दुरुस्त केली आहेत. कार्यालयातून हजेरीबुक आणले आणि जाळापाशी उभा राहिलो.

“बुवा, कारखान्यात साठ बाया, साठ पुरुष. डाकीण बाईलाच धरते, मग ती कुठेही काम करो. खरे ना?”

“खरं हाये!”

“सोळा बाया शेडबाहेर झाडलोट करतात, सरकी वाहतात. साठ बायांत अकरा पडल्या, तर तुमच्या हिशेबाने या सोळांतल्या तीन तरी पडायला हव्या होत्या. एकही पडलेली नाही.”

झाडूवाली आशाबाई पुढे आली. “मले काहून नाई धरलं रे मंग? मी काय बाई नाई?”

बुवांचा चाबूक माझ्या तोंडावर बसला. भुवई फाटली, हजेरीबुकावर रक्त ठिबकले. मी वाचत राहिलो.

“शेडमध्ये चव्वेचाळीस बाया, चार पुरुष. म्हणजे दर बारा जणांत अकरा बाया नि एक पुरुष. पडले तेही नेमके तेवढेच. निवडणीला आपण बाया बसवतो, कापसाच्या गठाणी बांधायला गडी. डाकीण बाई बघत नाही, गोवर्धन. ती शेड बघते.”

गोवर्धनने शकुनचे हात सोडले.

आकडा कारण सांगत नाही. कुठे शोधायचे तेवढे सांगतो. तोंडाला ओला रुमाल बांधून मी शेडमागे गेलो. शेड आणि सरकीचे गोदाम यांच्यामध्ये एकच भिंत. तिच्या झरोक्यात कोंबलेले पोते कुजून गळाले होते. खाली सहा उंदीर मरून पडले होते.

“उंदीर बी बायाच व्हते काय?” आशाबाई म्हणाली. या वेळी कोणी हसले नाही.

व्यवस्थापक गजेंद्र घाबरून बोलला. पंधरा दिवसांपूर्वी गोदामातल्या सरकीत कीडनाशक गोळ्या ठेवून दाराला कुलूप लावले होते. ओल लागली की त्यांतून विषारी वायू सुटतो. दुसरी बाई पडली तेव्हाच त्याला हे कळले होते. ऐन हंगामात शेड बंद पडू नये म्हणून त्यानेच बुवांना बोलावले आणि पडलेल्यांची यादीही त्यानेच पुरवली.

गोवर्धनने लाल चिमटा उचलला. बुवांची दाढी करपली, ते ओरडले. आणखी वीतभर पुढे गेला असता तर डोळा गेला असता.

“त्याले मंग पायजो,” शकुन जमिनीवरून म्हणाली. “आंधी मले दवाखान्यात ने. श्वास भेटून नाई राहिला.”

त्याने चिमटा टाकला आणि तिला उचलले. आठ दिवसांनी ती घरी आली. बुवा व गजेंद्र कोठडीत आहेत.

वाचकहो, कोणी आकडा दाखवून चाबूक उचलला, तर त्याचा हात धरा आणि विचारा: त्या कामावर मुळात बाया किती होत्या?