तिसरा रकाना

मुकुटबनहून नणंदेचा, भैरवीचा फोन आला तेव्हा दीपमाला गच्चीवर कपडे वाळत घालत होती.

"वैनी, पाह्यलं का? तुमच्या बाभुळगावात पोरं पळवणारी बाई सापडली म्हन्ते! फोटो धाडला पाहा तुमाले. पायल घरीच हाय ना?"

"घरीच आहे," म्हणत दीपमालाने फोटो उघडला आणि तिच्या हातातला चिमटा खाली पडला. जांभळी ओढणी घेतलेली म्हातारी, मागे शाळेची भिंत, कोपऱ्यात स्कूटीचा आरसा. त्यावर पायलने चिकटवलेलं फुलपाखरू.

फोटो तिनेच काढला होता. दीड तासापूर्वी पायलला आणायला गेली तेव्हा, रस्त्याच्या पलीकडून. 'शाळेसमोर ही अनोळखी बाई मुलांना जवळ बोलावून चिंचा देत आहे. पालकांनी सावध राहावे,' एवढंच लिहून तिने तो दुसरीच्या पालकांच्या ग्रुपवर टाकला होता. ग्रुपची अॅडमिन तीच. आता मुकुटबनहून परत आलेल्या फोटोखाली भलताच मजकूर होता: 'टोळीतली बाई. चार साथीदार फरार. पिशवीत गुंगीचे औषध. बसस्टँडवर पब्लिकने धरली आहे.'

ती धडधडत खाली आली. पायल टीव्हीसमोर वरण-भात चिवडत बसली होती.

"पायल, ती चिंचावाली आजी तुझ्याशी काय बोलली होती?"

"मले? मले इचारलं, पाचवीतला धावजी याच शाळेत हाय का."

"मग तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलंच कुठं? तू फोटो काढून राह्यली होती."

फ्रिजच्या दारावर गेल्या शनिवारच्या पालकसभेचा कागद लावलेला होता. रत्नप्रभा मॅडम मुलांना शिकवतात तेच त्यांनी पालकांकडूनही करून घेतलं होतं. मोबाइलवर काही टाकण्याआधी तीन रकाने भरायचे. दिसलं, वाटलं, विचारलं. दीपमाला बी.ए. झालेली, तिने सरावाचा कागद इतका नीटनेटका भरला की मॅडमनी तो सगळ्यांना उंच धरून दाखवला. आलेलं पुढे ढकलू नका, हेही तिने खाली अधोरेखित केलं होतं. आणि तिने ढकललं कुठे होतं? स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं टाकलं होतं. दुपारी शाळेसमोर उभी असताना तिला याच गोष्टीची खात्री वाटली होती. अनोळखी, जवळ बोलावून, सावध. डोळ्यांना यातलं नेमकं काय दिसलं होतं?

तिने घाईघाईने तो मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला. मिनिटाभरात स्टँडवरच्या पानठेल्याच्या भीमराजचं उत्तर आलं, तोही दुसरीतल्या मुलीचा बाप: 'डिलीट काहून केला मॅडम? टोळीवाल्यायचा फोन आला का?' त्याखाली रागाने लाल झालेले चेहरे धडाधड पडू लागले.

आपण आगीवर पाणी म्हणून रॉकेल ओतलं, हे तिला कळलं. तिने पोलिसांचा एकशेबारा नंबर लावला. "गाडी पाठवतो," असं उत्तर मिळालं. मग यवतमाळला ऑफिसात नवऱ्याला, इंद्रजितला लावला.

"तू मधात पडू नको," सगळं ऐकून तो दबक्या आवाजात म्हणाला. "फोटो कोनं काढला हे तिथं कोनाले माहीत हाय?"

"मला माहीत आहे ना."

"दीपा, लोकं भडकले असतीन. आपल्याले याच गावात राहा लागते."

दीपमालाने पायलला शेजारच्या कांताबाईंकडे सोडलं आणि स्कूटी काढली.

स्टँडवर पन्नासेक माणसं तरी असतील. मधल्या सिमेंटच्या बाकावर ती म्हातारी बसली होती. ओढणी खांद्यावर घसरलेली, एका कानाची पाळी ओरबाडून लाल झालेली. पिशवी उलटी केलेली, चिंचा धुळीत. चहूबाजूंनी मोबाइल वर धरलेले.

"बोल, कोन्या गावची तू?"

"आधार कार्ड काढ!"

"अबे, थोबाड दाखव तिचं, ठीक येऊन नाई राह्यलं."

कोणीतरी बाकाला लाथ मारली. म्हातारी हलली, पण ओरडली नाही. दीपमाला गर्दीतून वाट काढत पुढे गेली. माझ्या ओळखीच्या आहेत म्हणावं, हात धरून घेऊन जावं, कोणाला काही कळणार नाही. खोटं अगदी जिभेवर तयार होतं. पण उद्या त्याच फोटोवरून दुसऱ्या स्टँडवर हिला कोणी धरलं तर?

"फोटो मी काढला," ती म्हणाली. गलक्यात कोणाला ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा ओरडून म्हणाली, "हा फोटो मी काढला! मी यांना काही विचारलं नव्हतं. औषध-बिषध, टोळी, काही नाही. माझी चूक आहे!"

"वा मॅडम!" भीमराज पुढे आला. "पयले आग लावता, मंग घागर घेऊन येता?"

"लावली. आता माझा व्हिडिओ काढा, माझं नाव घालून टाका. त्यांच्यावरचे मोबाइल खाली करा."

दोन-तीन मोबाइल खरंच तिच्याकडे वळले. तिने ते वळू दिले, आणि म्हातारीसमोर धुळीत उकिडवी बसली.

"आजी, कोणाला शोधत होता?"

"माहा नातू, धावजी." म्हातारी जमिनीकडे पाहत बोलली. "त्याची याडी दिवाळीत मेली. बाप काकाच्या घरी ठेवून गेला. पाचवीत हाय म्हन्ते. शाळा कोन्ती, ते मले सांगता नाई आलं कोनाले."

याडी म्हणजे आई, हे तिथल्या निम्म्या माणसांना ठाऊक होतं. दोघातिघांनी मोबाइल खिशात टाकले. पोलिसांची गाडी वळणावर दिसली तशी गर्दी आपोआप विरळ झाली. भीमराज ठेल्यावर जाऊन सुपारी कातरू लागला.

जमादाराने नाव लिहून घेतलं. मानीबाई. तक्रार द्यायची का, असंही विचारलं. तिने मान हलवली, नाही. दीपमाला चिंचा गोळा करायला वाकली तर मानीबाईने पिशवी स्वतःकडे ओढली. एकेक चिंच उचलून फुंकली आणि आत टाकली.

"गाडीवर बसा आजी. आधी त्याच शाळेत विचारू, पाचवीची सुट्टी व्हायचीच आहे."

"पायी येतो मी."

दीपमाला स्कूटी हाताने ढकलत तिच्या मागे चालत राहिली.

शाळेच्या फाटकाजवळ मुलं आइसकांडीवाल्याभोवती जमली होती. मानीबाई रस्त्याच्या अलीकडेच थांबली.

"तूच इचार बाई," ती म्हणाली. "मी आता कोन्या पोराले नाई बलावत."

दीपमाला आत गेली. शिपायाने पाचवीच्या वर्गात जाऊन धावजीला हाक दिली. थोड्या वेळाने एक सडपातळ मुलगा दप्तर सावरत बाहेर आला. त्याने पलीकडे पाहिलं आणि रस्ता ओलांडून तो थेट आजीच्या ओढणीला बिलगला.

मानीबाईने त्याला जवळ घ्यायला हात उचलले नाहीत. आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कोणी मोबाइल धरलाय का, ते पाहिलं.