बोक्याचे कान

मला ऐकू येत नाही, म्हणजे कळतही नाही, असा या घरात समज आहे. मुलगा माझ्याशी ओरडून बोलतो, सून बोलतच नाही. त्यातल्या त्यात सून बरी. तिच्या गप्प बसण्याने निदान अंगावर थुंकी उडत नाही.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी म्हणून इथे आले ती अडकलेच. डोळा कधीच बरा झाला, पण माझ्या घराची किल्ली हरवली. दोन खोल्यांचं का होईना, घर माझं आहे आणि मला तिथेच राहायचंय. मुलाला ते नको आहे. "दाराची बेल तुला ऐकू येत नाही, कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. एकटी कशी राहणार?" इतकी वर्षं जणू मी तिथे पाहुणी होते. कुलूपवाल्याला बोलाव म्हटलं, तर म्हणतो, "आधी नीट शोध. तुझं नेहमी काखेत कळसा नि गावाला वळसा असतं."

शोधायचं यंत्रही त्यानेच आणलं होतं, मी आल्या आल्या. चष्म्याच्या डबीला, कात्रीला, किल्लीला एकेक चपटी चकती लावली आणि माझ्या हातात बटणांची डबी दिली. बटण दाबून धरलं की त्या वस्तूची चकती वाजते. बारीक शिट्टी. कानात मशीन घालून मला जाडेभरडे आवाज थोडेफार येतात, बारीक एकही येत नाही. बहिऱ्या आईला शिट्टी आणून देणारा मुलगा मीच जन्माला घातला, बोलायचं कुणाला?

म्हणून रोज सकाळी चहा पिताना मी किल्लीचं बटण दाबायचे आणि दोघांची तोंडं बघायचे. मुलगा मान हलवायचा. "नाही वाजत. सेल गेला असेल." सून कपात बघत बसायची. किल्ली हिनेच दडवली याची मला खात्री होती. का, ते विचारू नका. सुनेवर संशय घ्यायला कारण लागत नाही.

आज बटण दाबलं तेव्हा बोका खिडकीत झोपला होता. डोळे मिटलेलेच, पण कान ताठ झाले आणि दाराकडे वळले. मी बोट उचललं, कान पडले. पुन्हा दाबलं, पुन्हा वळले. माणसं आपलं तोंड सांभाळतात. बोक्याला ते कुणी शिकवलेलं नव्हतं.

"वाजतंय का रे?" मी विचारलं.

"नाही गं आई." हे म्हणताना त्याने कप तोंडाशी नेला.

मी बोट काढलं नाही. शेवटी बोका वैतागून उठला, दाराकडे गेला आणि खुंटीवरच्या कोटाखाली बसून वर बघत राहिला. कोट मुलाचा होता, रोज ऑफिसला घालून जातो तोच. आतल्या खिशात किल्ली होती.

सुनेने दडवली असती तर मी भांडले असते, अगदी मजेत भांडले असते. पोटच्या पोराने दडवली म्हटल्यावर मी नुसती किल्ली काढून मुठीत धरली. तो काहीतरी बोलत होता, काळजी, काळजी असंच काहीसं.

सून माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि ओठ दिसतील अशी सावकाश बोलली. "रोज वाजते. माझे कान किटले. मी यांना म्हटलं होतं, देऊन टाका, जाऊ दे त्यांना." शेवटचं तिने जरा जास्तच मनापासून म्हटलं.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला कधी काही विचारलंत?"

मी पिशवी भरायला घेतली. निघताना बटणांची डबी मुलाच्या हातात ठेवली.

"ही मला कशाला?"

"आठवण आली की दाब," मी म्हटलं. "किल्ली माझ्यापाशीच असेल. वाजली तरी मला ऐकू येणार नाही."